फळ्यावरची चौथी ओळ

आमच्या सायकल क्लबला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण होतायत. त्यानिमित्त स्मरणिका काढायचं ठरलं आणि आमच्या वाटेवरचे बाण रंगवणाऱ्या पेंटरांवर दोन पानं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं म्हणजे काय, मान मीच पुढे केली होती. "सर लिहितील, सरांचं सगळं कसं नेमकं असतं," असं आमचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, म्हणाले आणि मी लगेच डायरी उघडली. मी शाळेत गणित शिकवतो. नेमकेपणाचं कौतुक झालं की मला गुदगुल्या होतात. ही खोड आधीच सांगून ठेवलेली बरी, कारण पुढे सगळं तिच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

'दोन पानांत मावणारा माणूस नव्हे' असं लिहायची पद्धत आहे. पेंटर खरं तर अर्ध्या पानात मावतील. चौतीस वर्षं बसडेपोत रंगकाम केलं. गाड्यांच्या अंगावर नंबर घातले, पाट्यांवर गावांची नावं लिहिली, एकाही नावात चूक केली नाही. लग्न केलं, मुलीला शिकवलं, ती नर्स झाली. डेपोच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या आहेत, तिथे अजून राहतात. झालं. बाकी जे आहे ते डोंगरात आहे आणि त्यातलं थोडं माझ्यापाशी आहे.

त्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत वहिनींचं शिलाई मशीन. खिडकीशी लावलेलं, कारण काळ्या कापडावर काळा दोरा दिवसाच दिसतो. आतल्या खोलीत लोखंडी पलंग आणि त्याच्याखाली रंगाचे डबे. प्रत्येक डब्याच्या झाकणावर आतल्या रंगाचं एक बोट ओढलेलं. घरात पाऊल टाकलं की टर्पेंटाइनचा वास नाकात शिरतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निघत नाही. "आमच्या पोरीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्या बाबांना हाच वास येतो," असं वहिनी सांगतात. हे त्या दरवेळी सांगतात आणि पेंटर दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात.

डेपोत त्यांच्याकडे पांढरे रंग दोन असायचे. एक पक्का, तेलाचा. तो रोजच्या गाड्यांच्या पाट्यांना. आधी लाकडाला अस्तर, ते वाळू द्यायचं, मग रंग. दुसरा पुसायचा, पाण्यात कालवलेला. तो जादा गाड्यांच्या पाट्यांना. जादा गाडी एक-दोन दिवसच धावायची, तिसऱ्या दिवशी त्याच पाटीवर दुसऱ्या गावाचं नाव यायचं. ओलं फडकं फिरवलं की पाटी कोरी. लांबून पाहिलं तर दोन्ही रंग सारखेच दिसतात. फरक एवढाच, की पक्का रंग उजेडात चमकतो आणि पुसायचा चमकत नाही. हे त्यांनी मला एकदा सहज सांगितलं होतं. मी 'असं का' म्हणून विसरलो.

आता फेरीबद्दल. ज्यांनी ती केली आहे त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. आमची डोंगरी फेरी चारशे अठरा किलोमीटरांची. डेपोच्या मागच्या फाटकापासून निघायचं आणि पाच दिवसांनी तिथेच परत यायचं. मध्ये सात खिंडी. सगळे चढ मिळून नऊ हजार सहाशे मीटर होतात, हा आकडा मी स्वतः मोजून काढलाय. डांबर जेमतेम चौथा हिस्सा. बाकी गुराख्यांच्या वाटा, लाकूडतोड्यांचे जुने रस्ते आणि नुसते दगड. चढांना आम्ही आमचीच नावं ठेवलीत. पहिला 'वॉर्मअप', तिसरा 'चिमटा', पाचवा 'सासूबाई'. अकरा किलोमीटर चढा, जीव काढा, वाटेल आता संपलं, की वर आणखी एक वळण. कितीही केलं तरी समाधान नाही म्हणून सासूबाई. हे नाव डॉक्टरांनी ठेवलं. त्यांच्या सासूबाई अजून त्यांच्याशी धड बोलत नाहीत.

या वाटेवर दर पन्नास-शंभर पावलांवर दगडावर, झाडावर, पडक्या भिंतीवर पिवळा बाण आहे. ते सगळे बाण पेंटरांचे. पहिल्या वर्षी क्लबनं त्यांना विचारलं, "बाण काढून द्याल का?" आणि ते हो म्हणाले. तेव्हापासून दरवर्षी हंगामाआधी ते रजा काढून, पाठीवर डबे बांधून, सायकल हातात धरून वाट चालतात आणि फिकट झालेले बाण पुन्हा रंगवतात. कोणी सांगितलेलं नाही. आम्ही फक्त बाण पिवळेधमक दिसले की म्हणायचो, "चला, पेंटर येऊन गेले."

आणि आमचा एक नियम आहे. क्लब काढणाऱ्यांनी घालून दिलेला. सात खिंडींवर पंच बसवायला माणसं कुठून आणायची? म्हणून प्रत्येक खिंडीत खांबाला एक पत्र्याची पेटी ठोकलेली आहे. आत रबरी शिक्का आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. वर पोचलेल्यानं आपल्या कार्डावर आपणच शिक्का मारायचा. चढात कुठेही पाय जमिनीला टेकला असेल, तर शिक्क्याशेजारी त्या पेन्सिलीनं 'टे' लिहायचं. टेकला, एवढंच. कारण लिहायचं नाही. थकून टेकला, घसरून टेकला, साप आडवा आला म्हणून टेकला, सगळ्यांना एकच टे. ज्याच्या कार्डावर सातही घरांत टे नाही त्याचं नाव क्लबच्या खोलीतल्या काळ्या फळ्यावर. पंचवीस वर्षांत सहा नावं. चौथं माझं.

माझा पाय टेकला होता.

अकरा वर्षांपूर्वी, सासूबाईवर, वरून तिसऱ्या वळणावर. बारीक खडीत पुढचं चाक सरकलं आणि डावा पाय क्षणभर टेकला. मागेपुढे पाहिलं, कोणी नव्हतं. पुन्हा पॅडल मारलं आणि वर गेलो. वर पेटीपाशी पेंटर बसले होते, त्या वर्षी बाणांचं काम लांबलं होतं. शेजारी पिवळ्या रंगाचा डबा, हातात फडकं, बोटं पुसणं चाललेलं.

"या सर. आधी पाणी घ्या."

मी प्यालो. पिता पिता मागे वळलो तर खालची चारही वळणं तिथून स्वच्छ दिसत होती. खडी दिसत होती. खडीत माझ्या चाकानं काढलेली रेघसुद्धा दिसतेय असं मला वाटलं.

"फार वेळ झाला का येऊन?" मी विचारलं.

"झाला की. तासभर झाला." मग म्हणाले, "पेन्सिल बोथट झाली होती. टोक करून ठेवलंय."

मी पेटी उघडली. पेन्सिलीला खरंच नवं टोक होतं, चाकूनं केलेलं, लांब आणि सरळ. मी शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली, कार्ड घडी करून खिशात ठेवलं आणि पेटी बंद केली.

"बरं," पेंटर म्हणाले. डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि उतारावर सायकल हाताशी धरून चालू लागले.

त्यांनी पाहिलं असेल का, हा प्रश्न मी उरलेल्या दोन खिंडींत स्वतःला विचारत होतो. पाहिलं असतं तर बोलले असते, असं उत्तर काढलं. गणिताचा मास्तर असूनही मला असली उत्तरं पटतात.

पुढच्या रविवारी फळ्यावर नाव चढलं. लिहायला अर्थात पेंटरच. ते पिशवी घेऊन आले, फळ्यासमोर उकिडवे बसले आणि लिहू लागले. कुठला डबा उघडला ते मी पाहिलं नाही, मी डॉक्टरांना चिमट्याच्या उताराबद्दल तावातावानं सांगत होतो. नाव सुरेख उतरलं. ट्यूबलाइटखाली बाकीच्या नावांसारखं चमकत नव्हतं, पण मी म्हटलं, माझी ओळ खाली आहे, उजेड पोचत नसेल.

त्या आठवड्यात शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी माझा सत्कार ठेवला. मुलांसमोर मी वीस मिनिटं बोललो. विषय कोणी दिला नव्हता, मीच निवडला. 'पंच नसताना खेळणं.' डोंगरात आपल्याला कोणी पाहत नसतं, तिथे आपण आपल्याला पाहत असतो, असलं काहीतरी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आज ते आठवलं की मला शाळेच्या मैदानातच खड्डा खणून आत बसावंसं वाटतं.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर बरं झालं असतं, कारण पुढचं याहून वाईट आहे.

सात वर्षांपूर्वी पेंटर म्हणाले, "एकदा मीही करून बघतो फेरी. बसून." म्हणजे सायकलवर बसून. इतकी वर्षं ती वाट त्यांनी चालतच केली होती. वय चौपन्न. सायकल अशी, की सांगाडा एकाचा, पुढचं चाक दुसऱ्याचं, मागचं तिसऱ्याचं, आणि वरून बाणांचा उरलेला पिवळा रंग. आम्ही सगळे गालातल्या गालात हसलो. मी जरा मोठ्यानं हसलो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते फाटकातून आत आले. खोलीत आम्ही बाराएक जण होतो. वहिनी आणि मुलगी दारात उभ्या होत्या. वहिनींच्या हातात कापडी पिशवी होती. त्यात काय आहे ते मला त्यांच्या धरण्यावरूनच कळलं. त्यात ब्रश होते. नवऱ्यानं आपलं नाव आपल्या हातानं लिहावं आणि ते आपण पाहावं म्हणून ती बाई मशीन बंद करून आली होती.

डॉक्टरांनी कार्ड उघडलं. पहिली चार घरं कोरी. सहावं, सातवं कोरं. पाचव्या घरात, सासूबाईच्या शिक्क्याशेजारी, पेंटरांच्या त्या देखण्या अक्षरात 'टे'.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "कुठे टेकला हो?"

"टेकला," पेंटर म्हणाले.

"अहो, सांगा की. आम्ही काय तुम्हाला खातोय?"

दोन-तीनदा विचारल्यावर सांगितलं. वरून तिसऱ्या वळणावर बाणाचा दगड गुरांनी लोळवला होता. बाण दरीकडे दाखवत होता. मागून क्लबची दोन मुलं येत होती, नवखी. म्हणून ते उतरले, दगड फिरवून बसवला, खाली बारीक दगडांची टेकणं दिली आणि पुन्हा बसले. पुढची वळणं न थांबता चढले.

खोलीत एकदम आवाज झाला. "हा काय टे आहे?" "हा तर उलट बोनस!" "लिहा हो नाव!" डॉक्टर तर खडू घेऊन फळ्याकडे निघालेसुद्धा. वहिनींनी पिशवीचं तोंड सैल केलं.

आणि मी उभा राहिलो.

मी म्हणालो, "माफ करा, पण नियमात कारण नाही. आज याचं कारण चांगलं, उद्या दुसऱ्याचं जास्त चांगलं. एकदा सूट दिली की कार्डाला अर्थच राहणार नाही. ज्यांची नावं त्या फळ्यावर आहेत त्यांच्यावर तो अन्याय होईल."

शेवटचं वाक्य मी खरंच म्हणालो. ते ऐकणारे लोक अजून क्लबात आहेत.

का म्हणालो? नेमकं सांगायचं तर, पेंटरांचं नाव माझ्या खाली आलं असतं तर त्या दोन ओळी रोज शेजारी शेजारी राहिल्या असत्या. एकाच वळणावर टेकलेले दोन पाय. एकानं लिहिलं, एकानं लपवलं. मला ते बघवलं नसतं. आणि दुसरं, जो खोटं खेळलाय त्याला नियमाचा फार पुळका येतो. हे मला माझ्यावरून कळलंय.

डॉक्टरांनी खडू खाली ठेवला. माझं म्हणणं बिनतोड होतं, माझी म्हणणी नेहमी असतात. पेंटर माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही. पाटीवर लिहिण्याआधी ते लाकूड जसं निरखायचे तसं. मग म्हणाले, "सरांचं बरोबर आहे. पाय टेकला तर टेकला." वहिनींनी पिशवीची नाडी पुन्हा ओढून बांधली. मुलगी काहीतरी बोलणार होती, वहिनींनी तिचा हात दाबला, आणि तिघं घरी गेली.

पुढच्या वर्षी बाण पुन्हा पिवळेधमक होते.

आता यंदाची गोष्ट. खोलीला रंग द्यायचा म्हणून फळा भिंतीवरून खाली उतरवला. इतकी वर्षं त्यावर कोरडा कपडाच फिरत आलेला. साफसफाई करणाऱ्या मावशींनी धूळ बघून बादलीत फडकं बुडवलं आणि फळा खसखसून पुसला. मी शाळेतून तिथे पोचलो तेव्हा त्या रडायच्या बेतात होत्या.

"मी काही केलं नाही हो सर! नुसतं पुसलं! बाकीची नावं आहेत ना, बघा की!"

बाकीची पाच नावं होती. स्वच्छ होऊन जास्तच चमकत होती. तिसऱ्या आणि पाचव्या नावाच्या मध्ये काळा पट्टा होता, आणि मावशींच्या फडक्यावर पांढरट डाग.

जादा गाडीची पाटी, पुसायचा रंग, ट्यूबलाइट, सगळं एका क्षणात आठवलं. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. आणि नाव लिहिलं होतं ते तिसऱ्या दिवशी पुसता येईल असं. ओलं फडकं काय, थुंकी लावलेलं बोटही पुरलं असतं. अकरा वर्षं मी ते पुसलं नाही.

क्लबातल्या तरुण मंडळींनी मात्र वेगळाच अर्थ काढला. "पेंटरनी हलका रंग मारला वाटतं." "म्हातारपण, दुसरं काय." "नेमकं सरांचंच नाव! बोलवा त्यांना." पेंटरांना निरोप गेला. ते आले. एक जण त्यांना तोंडावर म्हणाला, "काका, हे काय काम झालं? सरांचं नाव पाण्यानं गेलं!"

ज्या माणसानं चौतीस वर्षांत एका नावात चूक केली नव्हती तो म्हणाला, "डबा चुकला असेल. माझीच चूक."

मग ते फळ्यासमोर बसले. गुडघे आता वाकत नाहीत म्हणून एक पाय लांब करून. पिशवी शेजारी ठेवली, ब्रश काढला, त्याचे केस अंगठ्यानं सरळ केले. सगळे भोवती उभे. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"सर, काय लिहू?"

एवढंच विचारलं. त्या वेळी मी सांगू शकलो असतो. माणसं समोर होती, फळा कोरा होता, तोंड मला देवानं दिलंय आणि एरवी ते बंद नसतं. अकरा वर्षांनी कोणी मला दार उघडून दिलं होतं, तेही स्वतः शिव्या खाऊन.

"होतं तेच," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतून डबा काढला. आधी अस्तर दिलं. ते वाळेपर्यंत दोन तास त्याच जागी बसून राहिले. मंडळी पांगली, मी बाहेर फेऱ्या मारत राहिलो. मग तेलाच्या रंगात, एकेक अक्षर सावकाश, माझं नाव लिहिलं. ब्रश पुसता पुसता म्हणाले, "आता पक्कं झालं, सर. आता नाही जाणार."

यानंतर पंधरा दिवसांनी स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं. मी झकास दोन पानं लिहिली. निष्ठा, निगर्वी स्वभाव, पिवळे बाण. बायकोला वाचायला दिली. तिनं चष्मा काढून विचारलं, "अहो, तुम्ही यात लपताय कशाला?"

"लपतोय कुठे?"

"ते काही मला ठाऊक नाही. पण दोन पानांत पेंटर तुमच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. एवढी वर्षं काय मुके होते का ते?"

ती पानं मी फाडली. तारखा पडताळायच्या आहेत असं स्वतःलाच सांगून दुसऱ्या दिवशी दुपारी पेंटरांच्या घरी गेलो. वहिनी मशीनवर बसल्या होत्या. पेंटर आतल्या खोलीत पलंगावर बसून जुना ब्रश धूत होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "पेंटर, त्या चढावर माझा पाय टेकला होता."

बाहेर मशीन थांबलं.

"हो," पेंटर म्हणाले.

"तुम्ही पाहिलं होतंत."

"हो की. पाय नव्हे पण, सर. उतरला होतात तुम्ही. ढकलत आणलीत ना, पडक्या भिंतीपर्यंत. पन्नासेक पावलं असतील."

खरं आहे. पन्नासेक होती. वर मी 'डावा पाय क्षणभर टेकला' असं लिहिलंय. ते मी खोडलेलं नाही, मुद्दाम ठेवलंय. कबुली द्यायला बसलो तरी आकडा कमी करून सांगतो असा मी आहे, हे वाचणाऱ्यांना दिसू दे.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"कार्ड तुमचं," ते म्हणाले. "मी कोण बोलणारा? मला वाटलं, आठवड्यात सांगाल. मग वाटलं, वर्षात सांगाल. म्हणून तसल्या रंगात लिहिलं. सांगितलंत की पुसायला सोपं, लाकूड खरवडायला नको."

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. नवऱ्यानं घरातही सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "सर, त्या दिवशी मी पिशवी घेऊन उभी होते."

"माझी पोरगी त्या रात्री जेवली नाही," त्या म्हणाल्या आणि परत मशीनवर जाऊन बसल्या. त्या घरात मला पहिल्यांदाच कोणी चहा विचारला नाही. बरंच केलं.

मी पेंटरांना म्हणालो, "माझं नाव काढू. त्या ओळीत तुमचं लिहू."

त्यांना खरोखर नवल वाटलं. "माझं कसं? माझा तर टेकला होता."

मग ते खाली वाकले आणि पलंगाखालून एक लहान डबा ओढून काढला. झाकणावर काळं बोट. तो उघडलेला नव्हता. "नाव पुन्हा लिहायला आलो तेव्हा हाही आणला होता पिशवीतून. फळ्याचा काळा. म्हटलं, तुम्ही काय सांगाल त्याप्रमाणे." डबा माझ्या हातात दिला. "आता मात्र तुमचं तुम्हीच करा. पुसून जायचं नाही ते. मीच पक्कं केलंय."

रविवारी सभेत मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि हे सगळं सांगितलं, पन्नास पावलांसकट. सात वर्षांपूर्वी खडू घेऊन फळ्याकडे निघालेले डॉक्टर खाली बघत राहिले. मागच्या बाकावर माझे दोन जुने विद्यार्थी होते, त्या सत्काराला टाळ्या वाजवणाऱ्यांतले. त्यांच्याकडे मी पाहिलं नाही. मावशींची आणि पेंटरांची माफी मागितली. वहिनी आल्या नव्हत्या. मग फळ्यासमोर बसून मी काळा डबा उघडला आणि चौथ्या ओळीवर ब्रश फिरवला. माझ्या हाताला ते काम नाही. रंग दोनदा ओघळला, एक ओघळ पाचव्या नावाच्या डोक्यावर आला. पेंटर पुढे आले, तो ओघळ बोटानं टिपला आणि हळूच विचारलं, "आधी घासून घेतलं होतंत का, सर? अस्तर दिलंत?"

दिलं नव्हतं. घाई झाली होती.

त्यामुळे काळ्याखालून माझं नाव अजून दिसतं. उभं राहून नाही दिसत, वाकून तिरक्या उजेडात पाहिलं की अक्षर न् अक्षर वाचता येतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा एक हात मारू. मी नको म्हणालो. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी क्लबच्या खोलीत यावं, तिसऱ्या आणि पाचव्या नावाच्या मध्ये वाकून बघावं.